गुळवेलीच्या काढ्याचा पाडाव

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाखमासी, सोलापूर शहरी राजेश्वरीबाईंच्या देहराज्यातील बेदिलीपायी त्यांच्या स्वयंपाकघरात जी लढाई जाहली, तिची हकीकत पदरचे काही न घालता लिहिली असे.

बाई अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या तपासनीस. सुटलेला धागा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फाल्गुनात उजव्या डोळ्यापुढे धुके आले आणि पाय जड झाले, मग मेंदूचे डॉक्टर हृषीकेश यांच्या दरबारी रुजू होणे आले. डॉक्टरांनी फर्मावले, की आजार मल्टिपल स्क्लेरोसिस. सायटोकाइन नामें प्रथिने हे शरीराचे जासूद, त्यांनी गनीम नसता 'गनीम आला' असे खलिते धाडले, आणि बाईंचीच प्रतिकारशक्तीरूपी फौज बाईंच्याच मज्जातंतूंच्या वेष्टणावर तुटून पडून दाह माजला. सबब दर आठवड्यास सुई घ्यावी, तीतून दुसरा जासूद 'तलवारी म्यान करा' हा हुकूम नेईल. आणि फौजेस चिथावणारे काही पोटात जाऊ नये, पुन्हा दाह उठल्यास डोळ्याची शाश्वती नाही.

डोळा जाणे म्हणजे नोकरी जाणे. बाईंनी पथ्य सांभाळले आणि धुके विरू लागले.

इतक्यात मोडनिंबहून खाशा मावशी शिवबाई पाच लिटरच्या कॅनात गुळवेलीचा काढा भरून एसटीने चाल करून आल्या. बाईंचे यजमान संगप्पा यांनी मसलत करून पेपर उघडला आणि त्याआड तटस्थ राहिले.

"पी पोरी. प्रतिकारशक्ती वाढती यानं."

"मावशी, तीच वाढलीया की! तिनंच डोळा धरलाय माझा."

"शक्ती जास्त हून कुनी आजारी पडतंय व्हय? लई शानी!"

बाईंनी जासूद, खलिते, सारे मांडले. सारे फुकट गेले, आणि पेला ओठांशी आला. मग बाईंनी निर्वाणीची तोफ डागली.

"मावशी, माझी ताकद इतकी हाय, की सुई टोचून दाबाय लागती. वर ह्यो काढा पडला, तर डॉक्टरच्या बापाला आवरायची न्हाय!"

मावशी थबकल्या. भाचीस त्यांनी नखशिखान्त नव्याने न्याहाळले, आणि पेला खाली ठेवून, दारात जाऊन शेजारच्या धनलक्ष्मीबाईंस ललकारले, "आमच्या राजीला बिचारी म्हनायचं न्हाय आता! आमच्या घरान्यात ताकदच लई. डॉक्टर दर आटवड्याला दाबतोय, तवा कुटं दबती!"

येणेप्रमाणे फत्ते होऊन डोळा आणि नोकरी ही दोन्ही ठाणी राखली गेली. शास्त्राने जे न झाले ते घराण्याच्या तोऱ्याने झाले. तहात कॅन संगप्पांच्या वाट्यास गेला, कारण त्यांच्या ताकदीविषयी मावशींचे मत लग्नापासूनच बरे नव्हते, हे दप्तरी नमूद केले असे.