दादासो पहिले आले त्याची गोष्ट

दोन फोन एकमेकांशी बोलतात कसे, हे मला झोपेतून उठवून विचारा, बिनचूक सांगेन. उगाच नाही मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो! बैलगाडा शर्यतीचा मोबाईल गेम काढायचा आणि वाईपासून जतपर्यंत लोकांनी घरबसल्या एकमेकांशी शर्यत खेळायची, असा माझा पक्का बेत होता. पटला नव्हता तो फक्त अण्णांना. अण्णा म्हणजे माझे वडील, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार आकाराम. त्यांनी हुकूम सोडला, "यात्रंत समद्यांम्होरं चालवून दाखव. न्हाई चालला तर दुसऱ्या दिवशीच्या यष्टीनं पुण्याला माघारी."

झालं, यात्रेला भैरवनाथाच्या देवळासमोर मोठा पडदा लागला. पडद्याला माझा लॅपटॉप जोडला. माझी भागीदार संयोगिता सांगलीला बसून सर्व्हर सांभाळत होती, म्हणजे शर्यतीची सगळी माहिती तिच्याकडून माझ्याकडे येणार होती. पुढच्या खुर्चीत यात्रा कमिटीचे अध्यक्ष दादासो बसले होते. त्यांचा सर्जा बैल मी मुद्दाम गेममध्ये घेतला होता. अण्णा कुणाचं ऐकत नाहीत, पण दादासोंचा शब्द मोडत नाहीत.

आता थोडं कामाचं सांगतो, कंटाळू नका. आमचा प्रत्येक निरोप म्हणजे जेवणाचा डबा. कोणत्या कप्प्यात काय, हे आधीच ठरलेलं. पहिल्यात मालक, दुसऱ्यात बैल, तिसऱ्यात गाव, चौथ्यात वेग. कप्प्यावर चिठ्ठी चिकटवायची नाही, त्यानं डबा जड होतो आणि आमच्याकडची रेंज दमते. भरणाऱ्यानं आणि उघडणाऱ्यानं क्रम पाळला की काम फत्ते. आदल्या दिवशी चोख चाललं होतं.

मी माईक हातात घेऊन ऐटीत भाषण ठोकलं आणि शर्यत सोडली. पडद्यावर अक्षरं उमटली. मालक, श्री भैरवनाथ प्रसन्न. बैल, दादासो. गाव, सर्जा.

शर्यतीतल्या चारही छकड्यांना एकेका बैलाच्या जागी पंचक्रोशीतली चार मोठी माणसं जुंपली होती, जोडीदाराची जागा मोकळीच. मी डोळे चोळेपर्यंत दादासो पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला गेले आणि पहिले आले. वरून गुलालही उधळला.

"सुभेदार," दादासो न हलता म्हणाले, "मला जुंपलंय व्हय तुमच्या पोरानं?"

"त्यात खोटं काय हाय?" मागं बायकांत बसलेल्या राहीबाई म्हणाल्या. "मालक भैरवनाथ, आन् आपुन समदी बैलं."

सगळी यात्रा खो खो हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि मला यष्टीचा हॉर्न ऐकू यायला लागला.

"रेंजचा घोटाळा हाय," असं म्हणून मी लॅपटॉप बंद करून चालू केला. दादासो पुन्हा पहिले आले. वायर बदलली. दादासो आणखी जोरात पळाले! मी संयोगिताला फोन लावला.

"माझ्याकडून सगळं नीट जातंय," ती म्हणाली. आमच्या धंद्यात प्रत्येकाचं हेच म्हणणं असतं.

शेवटी आलेला निरोप तसाच्या तसा उघडून बघितला. डब्यात वरून एक जादा कप्पा बसला होता. त्यामुळे सगळी माहिती एकेक घर खाली सरकली होती. वेगाच्या कप्प्यात गावाचं नाव येऊन पडलं होतं, आणि अक्षरं आकडा म्हणून वाचली की आकडा राक्षसी होतो.

"अगं, हे देवाचं नाव पहिल्या कप्प्यात कुणी घातलं?"

"मी, आज सकाळी. शुभकार्य आहे. लग्नपत्रिकेवर सगळ्यात वर नसतं का?"

"मला सांगायचं तरी!"

"देवाचं नाव घ्यायला तुझी परवानगी काढू?"

माझा तोल सुटला. "ते भैरवनाथाचं नाव आधी काढून टाक!"

माईक चालू होता. माझं वाक्य चारही कर्ण्यांतून देवळावर जाऊन आदळलं. ढोल थांबला. गुरवांनी घंटेवरचा हात खाली घेतला.

"काय म्हणलास रं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई अण्णा. नाव ऱ्हाणारच. मीच माझ्याकडं बदल करतो."

आता देवाचं नाव काढायची सोय उरली नव्हती. देवाशप्पथ, एवढ्या भीतीनं मी कधी प्रोग्राम लिहिलेला नाही. पहिला कप्पा उघडायचा, नाव पडद्याच्या माथ्यावर लावायचं, मग बाकीचे कप्पे वाचायचे. शर्यत सोडली. मालक दादासो, बैल सर्जा, सगळं जागच्या जागी! मी सुटकेचा निःश्वास टाकला.

सर्जा शेवटचा आला.

कुणी टाळी वाजवली नाही. दादासो उठून माझ्यापाशी आले. अण्णा त्यांच्या मागे उभे राहिले.

"पोरा, मगाशी मी पैला आल्तो न्हवं?"

"व्हय."

"मग त्येच लाव की. सर्जा मागं पडल्याला मला बघवत न्हाई."

मी सगळ्या गावासमोर, माईकवर सांगून, चालता गेम पुन्हा बिघडवला. दादासो पळाले आणि गुलाल उधळला.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरून घराच्या पुढच्या सोप्यात बसलो होतो. यष्टी आली आणि गेली, अण्णा चहा पीत राहिले. मग खाकरून म्हणाले, "दादासोच्या शेजारी दुसऱ्या बैलाची जागा मोकळी हाय न्हवं?"

"हाय."

"तितं मला जुंप."