उभ्याने मानवंदना

माणसाचा सन्मान त्याच्या हयातीतच व्हावा, यावर जगातल्या सर्व सुसंस्कृत संस्थांचं एकमत आहे. (हयातीत म्हणजे शक्यतो जेवणाच्या सुट्टीत. कामाचा वेळ मोडता कामा नये.) ओमानमधल्या निझव्यातली एसी बसवणारी एक कंपनी तर या बाबतीत फारच पुढारलेली. तिथे वीस वर्षं नोकरी झालेल्या माणसाला ‘वेटरन’ म्हणतात. त्याआधी त्याला ‘ए, इकडे ये’ म्हणतात.

चिपळूणचा जितेश या कंपनीच्या गोदामात समन्वयक म्हणून रुजू झाला. पहिल्याच दिवशी त्याला ओळखपत्र, हेल्मेट, आग लागल्यास काय करावे याची पुस्तिका आणि एक टेबल मिळालं. खुर्ची मिळाली नाही. ती ‘प्रोसेसमध्ये’ होती. एचआरच्या सुचित्रा मॅडम मोठ्या प्रेमळ. खुर्चीचं विचारलं की म्हणत, “इन्शाल्ला, संडेपर्यंत.” कोणता संडे, हे विचारण्याइतका जितेश अजून जुना झाला नव्हता. शिवाय त्याचं तीन महिन्यांचं प्रोबेशन याच मॅडमच्या सहीने संपायचं होतं.

दोन दिवस त्याने उभ्याने समन्वय केला. तिसऱ्या दिवशी गोदामातले कासमचाचा, मूळचे दाभोळचे, एक खुर्ची ढकलत आले. तिच्या पाठीला सुतळीने उशी बांधलेली. सहा वर्षांपूर्वी कंप्रेसर उचलताना चाचांच्या कमरेत काहीतरी ‘खट’ झालं होतं. तेव्हा ही खुर्ची त्यांनी स्वतःच्या पैशाने सूकमधून, म्हणजे तिथल्या बाजारातून, आणली होती.

“बस रे बाबा. तू नवीन हायस.”

“आणि तुम्ही, चाचा?”

“माजं काय. संडेपर्यंतचाच तर प्रश्न.” आणि चाचा रंगाच्या पालथ्या डब्यावर जाऊन बसले.

खुर्ची खासगी, त्यामुळे कंपनीच्या कुठल्याही यादीत ती नव्हती. म्हणजे कागदोपत्री जितेश अजून उभाच होता, आणि चाचा तर नोकरीच्या बत्तीस वर्षांत एकदाही बसले नव्हते. चौथ्या आठवड्यात मॅडम गोदामात आल्या, जितेशला बसलेला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. “अरे वा, आली ना चेअर? खलास, मी रिक्वेस्ट क्लोज करते.” जितेशने तोंड उघडलं. प्रोबेशन आठवलं. तोंड मिटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी चाचा डब्यावरून तीन टप्प्यांत उठत: आधी हात रॅकवर, मग ‘या अल्ला’, मग चाचा. ते पाहून जितेश रोज ठरवी की उद्या खुर्ची परत करायचीच. (हा निर्णय त्याने एकूण एकोणचाळीस वेळा घेतला. निर्णयक्षमतेसाठी त्याला पाचपैकी पाच गुण मिळाले.)

अशात कंपनीने सर्व वेटरन्सना मानवंदना द्यायचं ठरवलं. शोध घेता सर्व मिळून एकच निघाले, कासमचाचा. (बाकीचे एकोणिसाव्या वर्षापर्यंतच पुरले.) चाचांना आपलं वाटावं म्हणून बॅनर मराठीत करायचा ठरला. मॅडम स्वतः मराठी, पण वाढल्या मस्कतच्या अल हैलमध्ये आणि शिकल्या इंग्रजीत. जितेशने लिहून दिलेलं ‘मानवंदना’ त्यांना कोरडं वाटलं. त्यांच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणत्या माणसांच्या फोटोखाली याहून फार हृद्य शब्द असतात, तेच त्यांनी घातले. छापून आलेला बॅनर असा होता: ‘आमचे लाडके कासमचाचा यांना भावपूर्ण श्रद्धांजली.’

जितेशने तोंड उघडलं. पुढचं आपल्याला माहीत आहेच.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत समारंभ झाला. मंचावर अर्बाबांसाठी, म्हणजे मालकांसाठी, सोफा होता. चाचांसाठी काही नव्हतं, आणि बॅनर पाहता ते सुसंगतच होतं. चाचांनी बॅनर सावकाश वाचला आणि पुढच्या रांगेतल्या जितेशला म्हणाले, “मयत कधी झालं रे? मला कुणी सांगितलं पन नाय.”

अर्बाब अरबीत बोलले. मॅडमनी भाषांतर केलं, “सर म्हणतात, कासमचाचा म्हणजे या कंपनीचा कणा.” मग त्या कण्याच्या हातात साडेचार किलोची काचेची ट्रॉफी देण्यात आली. कणा थोडा वाकला. ते विनयाने, असं सर्वांना वाटलं.

“सगळ्यांनी स्टँडिंग ओव्हेशन द्या, यल्ला,” मॅडम म्हणाल्या. कामगार आधीपासून उभेच होते. ज्यांना खुर्च्या होत्या तेही उठले. सगळ्यात आधी उठला जितेश. (बसायला तो उशीवाली खुर्ची घेऊनच आला होता.) त्याचे डोळे भरून आले होते. एकोणचाळीस निर्णयांचं ओझं टाळ्यांबरोबर उतरत होतं. आपण तिथे असता तर आपणही अशाच मनापासून टाळ्या वाजवल्या असत्या, आणि आपल्यालाही अगदी असंच हलकं वाटलं असतं.

टाळ्या थांबेनात. शेवटी मॅडमनी चाचांपुढे माइक धरला, “चाचा, दोन शब्द.”

चाचांनी ट्रॉफी या हातातून त्या हातात घेतली.

“जितेश, उभा राहिलाच हायस,” ते म्हणाले, “तर तेवढी माजी खुर्ची सरकव इकडं.”