देवमाशाची मोहीम आणि चालकाचें फर्मान

श्री. सज्जन वाचकांचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. बावीस वर्षें वर्तुळमार्गाच्या बसगाडीवर चाकरी करणारे, डावें वळण घेण्यांत ज्यांचा हात कोणी न धरी, ऐसे अखंडितमार्ग राजमान्य चालक यांनीं आपल्या सात वर्षांच्या कन्येस संग्रहालयांतील देवमाशाचा सांगाडा दाखविण्याचें वचन दिल्हें होतें. तीन वेळां सुटी मंजूर जाहली आणि तीनही वेळां आगारांतून ऐन निघतेसमयीं बोलावणें आलें, आणि मग कन्येनें देवमाशाचें नांव काढणेंच सोडिलें. हें चालकाच्या जिवास फार लागलें. सबब चौथी सुटी पदरीं पडतांच निश्चय केला कीं, आज देवमासा दाखविल्याविना माघारें येणें नाहीं.

कुटुंब दवाखान्यांत परिचारिका, त्यांची कामाची पाळी असल्याकारणें त्यांनीं आपल्या मातोश्री दिमतीस दिल्या. चालकानें आपली कामाची टोपी कन्येच्या मस्तकीं ठेविली, ती नाकापर्यंत उतरली. आणि कूच करतेसमयीं फर्मान निघालें कीं, मोहीम चालू असतां चालकाशीं कोणीं बोलूं नये, जैसें गाडींत लिहिलेलें असतें तैसें. सासूबाईंनीं मान डोलाविली. मग स्वारी निघाली आणि चालक परक्या गाडींत बसोन वाटभर रिकाम्या पायानें ब्रेक दाबीत गेले.

साडेतीनास संग्रहालयाचा दरवाजा सर जाहला. मोठ्या दालनांत तिकिटें घेतलीं. खिडकीवरील बाईंनीं नकाशा पुढें केला, तो “मार्ग आम्हांस नवा नाहीं” म्हणोन परत केला. चालकाची शिस्त ऐसी कीं, नजर सरळ समोर असावी, इकडेतिकडे पाहूं नये. मग डावीकडे वळून दगडधोंड्यांची चौकी घेतली, आणि तेथून डावीकडे वळून टाचणीनें खिळिलेल्या फुलपाखरांची छावणी ओलांडिली, आणि मग भुंगेरे, आणि मग पक्ष्यांचीं अंडीं, आणि मग पुनश्च डावीकडे वळतां एक पेंढा भरिलेलें अस्वल सामोरें आलें, आणि त्यास वळसा घालितां स्वारी मोठ्या दालनांत दाखल जाहली. देवमासा कोठें दिसेना. तेव्हां त्याच क्रमें दुसरी फेरी केली.

दुसऱ्यांदा अस्वलापाशीं येतां कन्येनें टोपीखालून पाहोन फर्मान मोडिलें.

“बाबा, हे मघाचंच अस्वल आहे.”

“नाही गं, हे दुसरं. अस्वलं सगळी सारखीच दिसतात.”

“याचाही कान फाटलाय.”

“चालकाशी बोलायचं नाही!”

दालनांत येतां सासूबाईंनीं तोंड उघडिलें, मग कांहीं आठवोन मिटलें. तिसरी फेरी धांवत केली. अस्वल पुनश्च तेंच. आतां कन्येनें त्यास “आलो हं” म्हणोन हात हालविला.

ऐसियांत पहारेकऱ्यानें पुकारा केला कीं, पांचास दरवाजे बंद होतील. पावणेपांच जाहले होते. कन्या हळूच बोलिली, “राहू दे बाबा. आपण अस्वल तरी पाहिलं.” हें ऐकतां चालकाचा धीर खचला. बावीस वर्षांत त्यांनीं कोणास मार्ग पुसिला नव्हता. परंतु लेकीपुढें अब्रू ती काय? तैसेच पहारेकऱ्यापुढें गेले आणि टिळ्याप्रमाणें कपाळीं घाम मिरवीत मार्ग पुसिला.

पहारेकऱ्यानें केवळ एक बोट वर केलें.

चालकानें मान वर केली. छतापासोन साखळ्यांनीं टांगलेला, तीन बसगाड्या एकापुढें एक लाविल्यास जितकी लांबी तितका देवमासा, तिकिटाच्या खिडकीपासोन अस्वलाच्या फाटक्या कानापर्यंत, अवघें दालन व्यापोन होता. चालकानें कन्येची टोपी काढिली. ती भुईवर उताणी निजली. मग चालकही तिजजवळ निजले. पांचास बारा मिनिटें कमी असतां देवमासा फत्ते जाहला.

मग चालकानें पडल्यापडल्या विचारिलें, “सासूबाई, तुम्हाला कधी दिसला हो?”

“आत शिरताना. पहिल्याच खेपेला.”

“मग बोलला का नाहीत?”

“अहो जावईबापू, गाडी चालू होती ना.”

येणेंकरून देवमासा पाहिला तो पांच वाजेतों. पहारेकऱ्यानें दोहोंस भुईवरोन उठविलें. परततां टोपी चालकाच्या हातीं होती, आणि नवें फर्मान निघालें कीं, इतःपर चालकाशीं सर्वांनीं बोलावें. त्याचा अंमल कन्येनें घर येईतों क्षणभरही न थांबतां केला. हें लेखनीं नमूद केलें असे.