दुसऱ्या माणसाचं वजन

आमच्या माण तालुक्यात कुणी भेटलं की पाऊसपाणी विचारतात. माझे शेजारी सुभेदार तात्या वजन विचारतात. माझी बदली दहिवडीला झाली त्या दिवशी मी टेम्पोतून गाद्या उतरवत होतो. एक सडसडीत म्हातारा कुंपणापाशी येऊन म्हणाला, "आवं गुरुजी, वजन किती तुमचं?"

"बहात्तर."

"जड हाय," म्हणून ते निघून गेले.

कारण त्यांच्या मेंढवाड्यात होतं. मेंढरं विकून झाली होती आणि तिथं शर्यतीची होडी उभी होती. फौजेत तात्यांनी शिडाच्या होड्यांच्या शर्यती मारल्या. पेन्शनीत आल्यावर, जिथं प्यायचं पाणी टँकरनं येतं अशा गावात त्यांनी स्वतःच्या हातानं होडी बांधली. मी हसायला म्हणून बघायला गेलो आणि गप्प होऊन परतलो. पातळ प्लायवूडचं ते अंग इतकं गुळगुळीत, की त्यावरचा हात काढवेना.

"होडी दोघांची हाय," तात्या सांगायचे. "एकानं सुकाणू धरायचं. दुसऱ्यानं कंबरंला पट्टा बांधून तारंला लटकायचं, भाईर, पान्यावर आडवं. वारं शीड लोटतंय, त्यो होडी तोलून धरतोय. वजन चुकलं की संपलं."

हा दुसरा माणूस पाच वर्षं मिळत नव्हता. आशीर्वाद देता देता नवरदेवाला वजन विचारलेलं मी ऐकलंय. तलाठी जड, कंपाउंडर जड. तात्यांच्या पत्नी जिजाकाकू "ह्यांचं आपलं न्यारंच," म्हणून भाकरी थापत राहायच्या.

यंदा मी जेवण कमी करून चौसष्टावर आलो आणि हट्टानं पट्टा मागितला. तात्यांनी तो स्वतः शिवला होता. माझ्या कंबरेला वीतभर कमी पडला.

"आना हिकडं," काकू म्हणाल्या. त्यांनी लुगड्यावरून पट्टा लावला. बक्कल पहिल्याच खटक्यात बसलं.

तात्या जमिनीकडं बघत म्हणाले, "बावीस वर्सं मी फौजेत, आन तू हितं एकटी मेंढरांमागं. आता कंच्या तोंडानं म्हणू, चल माझ्यासंगं?"

"साऱ्या गावाला इचारलं," काकू म्हणाल्या. "मला तेवढं न्हाई."

"तू न्हाई म्हणाली असतीस तर?"

मग महिनाभर मेंढवाड्याच्या आढ्याला तार बांधून काकू लटकायला शिकल्या. भिंतीला पाय लावून, पदर खोचून. गावाला नवीन करमणूक झाली.

शेवटी एका रविवारी आम्ही होडी लांबच्या धरणावर नेली. "एकच फेरी," तात्या म्हणाले. लाईफ जॅकेट घातलेल्या काकू होडीच्या काठावर पाय रोवून पाण्यावर आडव्या झाल्या. शीड भरलं, होडीचं नाक उचललं आणि ती पाणी कापायचं सोडून पाण्यावरून पळायला लागली. माणसाच्या हातानं केलेली इतकी देखणी गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

फेरी संपवून होडी काठाजवळ आली. "बास का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई," पाण्यावरून काकूंचा आवाज आला. "आनखी एकदा. पार पल्याडच्या काठापातूर."

तात्यांनी होडी वळवली. एका हातात सुकाणू, दुसऱ्यात शिडाची दोरी. डोळे पुसायला त्यांना हातच मोकळा नव्हता.