मुनीरभाईंचा खुलासा

मुनीरभाईंकडं चहा मागितलात तर ते आधी विचारतील, "गोड किती, गरम किती, अन् प्यायला टाइम किती?" "कसाही चालेल" म्हणणाऱ्याला त्यांच्याकडं चहा मिळत नाही.

गुलमंडीच्या बाजारात त्यांचं अस्तर-बटणांचं दुकान आहे. रविवारी दुपारी शटर ओढून, वरच्या खोलीत ते आम्हा तिघांना घेऊन एक खेळ खेळतात. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी काही करायला गेलं, तर ते जमलं का फसलं हे फाशावर ठरायचं. गोष्ट सांगणार अर्थातच मुनीरभाई.

मी शाळेत गणित शिकवते. पहिल्या रविवारी तलवार चालवायला मिळेल म्हणून मोठ्या हौसेनं गेले, तर फासा हातातही आला नाही. मुनीरभाईंनी प्रत्येकापुढं कोरा कागद ठेवला.

"पहिले खुलासा, मंग खेळ. काय पाहिजे ते लिहा. काय नको तेबी लिहा. मधीच रुसायचं नाय."

आमच्यातल्या वकीलसाहेबांनी लिहिलं, 'मला हरायचं नाही.'

"हे कोर्टात मागा वकीलसाब. हितं फासा कुणाचं ऐकत नाय."

देवगाव रंगारीहून येणाऱ्या बिरूदादानं लिहिलं, 'शेळ्या मरायला नको.' त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या शेळ्या-मेंढ्या. आम्ही दोघं हसलो. मुनीरभाई हसले नाहीत. "मंजूर," म्हणाले आणि वहीत टिपून घेतलं. तेव्हापासून आमच्या गोष्टीतला राक्षस गावंच्या गावं गिळतो, पण शेळी दिसली की आदबीनं बाजूला होतो.

एकदा वकीलसाहेब भलतेच रंगात आले. "मी शेळ्यांच्या कळपाला आग लावतो! राक्षस धुराकडं येईल!"

बिरूदादानं खुर्ची मागं सरकवली. मुनीरभाईंनी फासे मुठीत घेतले. "खेळ बंद."

"अहो, खेळच आहे ना हा!"

"म्हणूनच. मन दुखवून घ्यायला बाहेरची दुनिया काय कमी हाय?"

वकीलसाहेब बिरूदादाकडं वळले. मग म्हणाले, "बिरू, चुकलं माझं. तूच सांग, राक्षस कसा आणायचा?"

बिरूदादानं तो नुसत्या शिट्टीवर आणला.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी जरा लवकर पोचले. मुनीरभाई फोनकडं बघत एकटेच बसले होते. त्यांचा मुलगा इम्रान पुण्यात असतो, एवढंच मला ठाऊक होतं.

"हा खेळ त्याचाच, ताई," ते म्हणाले. "दोस्तांना घेऊन हितंच बसायचा. नोकरी बघत नाय म्हणून एक दिवस मी समद्यांना हाकललं. त्याला काय पाहिजे, विचारलंच नाय. आता ईदला येतो अन् दुसऱ्या दिवशी जातो. तो घर सोडून गेल्यावर मी त्याची खेळाची पुस्तकं वाचून शिकलो. येत्या शुक्रवारी येतोय. काय बोलावं, समजंना."

"आम्हाला पहिल्या दिवशी जे विचारलंत, तेच विचारा."

त्यांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. "बेटा, आ रहा ना? घर पे कौनसी बात नको निकालना, पैलेच बोल दे."

पलीकडून इम्रानचा आवाज आला, "नौकरी की नको, अब्बा."

"मंजूर."

"और तुमको क्या होना, क्या चाहिए?"

मुनीरभाईंनी टोपी काढली, पुन्हा घातली. माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"एक दिन जादा रह," शेवटी ते म्हणाले. "इतवार पकड के."

"दो रहता मैं."

फोन ठेवून मुनीरभाई उठले आणि खुर्च्या मोजायला लागले. एक कमी पडत होती.