इंदूअक्कांची हलती रेघ

इंदूअक्कांच्या ऑफिसचा जिना चढून आलेला माणूस चित्र गिरवल्याशिवाय खाली उतरू शकत नाही. कुरिअरवाला असो, विमा एजंट असो, नाहीतर खुद्द घरमालक. अक्का आधी त्याच्या हातात स्क्रीनवर चालणारं पेन देतात, मग काम विचारतात. "बसा की हो. एवढी शेळी गिरवून द्या, मग सही करते."

कमरीपेठेच्या बाजारात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. तिथे आम्ही मुलांच्या गोष्टींच्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म बनवतो. आम्ही म्हणजे अक्का आणि मी. अक्का राहतात धारवाडला, रोज बसने येतात, आणि मराठीत सुरू केलेलं वाक्य बऱ्याचदा कन्नडमध्ये संपवतात.

हे गिरवणं कशासाठी, ते सांगायला हवं. कॉम्प्युटरवर काढलेली रेघ एकदा काढली की जागची हलत नाही. अक्का तिला 'इस्त्रीची रेघ' म्हणतात. कागदावरच्या जुन्या फिल्ममध्ये प्रत्येक चित्र नव्याने काढलेलं असायचं, म्हणून रेघ किंचित थरथरत राहायची आणि नुसता उभा असलेला माणूसही जिवंत वाटायचा. तसं हवं असेल तर एकच चित्र तीनदा गिरवायचं आणि ती तिन्ही आळीपाळीने दाखवायची. कितीही जपून गिरवलं तरी ती तंतोतंत सारखी येत नाहीत. त्या फरकामुळेच रेघ हलते.

सॉफ्टवेअरमध्ये याच्यासाठी एक बटण आहे. दाबलं की रेघ आपोआप थरथरते. पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या उत्साहाने ते अक्कांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"हिला हिवताप आलाय," त्या म्हणाल्या. "गोळी दे आणि झोपव."

वर त्यांचा हट्ट असा की तिन्ही चित्रं वेगवेगळ्या हातांची हवीत. एक त्यांचा, एक माझा, आणि तिसरा जो जिना चढेल त्याचा.

यातून घोटाळे होतात. वीजमीटरचं रीडिंग घेणाऱ्या माणसाला एकदा कोल्हा गिरवायला दिला. चित्राच्या कडेला अक्कांनी माझ्यासाठी सूचना लिहिली होती, 'शेपूट हळू'. तो सरळ माणूस. त्याने कोल्ह्याबरोबर सूचनाही गिरवली, अगदी वळणदार. फिल्म चालवली तर कोल्ह्याच्या मागे 'शेपूट हळू' ही अक्षरं लुकलुकायला लागली. मी पुसायला घेतली तर अक्कांनी माझा हात धरला. "थांब रे. मनापासून केलंय की त्यानं. एकदा बघू, मग पूस." एकदा म्हणत आम्ही ती कितीतरी वेळा बघितली.

बंगळूरच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता, की तुमची चित्रं हलतात, फाइल बिघडली आहे का? अक्का शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरात कोणी श्वास घेत असलं तर तुम्ही डॉक्टरला फोन करता काय?"

मी हळ्याळचा. शाळा मराठी, घरात पदवी घेतलेला पहिलाच. मुलाखतीच्या दिवशी अक्कांनी वर्तुळ काढायला सांगितलं आणि भीतीने माझा हात इतका कापला की कागदावर बटाटा उमटला. मी कागद परत मागू लागलो. त्या म्हणाल्या, "बटाटा जिवंत आहे. सोमवारपासून ये." त्यानंतर इंग्रजी मेल कसा लिहायचा, गिऱ्हाइकाला न रागावता नाही कसं म्हणायचं, हे सगळं मी त्यांच्याकडे शिकलो. सकाळी आल्या आल्या त्या "ऊटा आतेनु?" विचारत. जेवलो नाही म्हटलं की हातातलं पेन काढून घेत आणि डबा पुढे सरकवत. हे उपकार मोजायचे म्हटले तर कुठून सुरुवात करावी तेच मला कळत नाही.

आणि अशात एक दिवस आप्पा मला न्यायला आले.

माझे वडील लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करतात. दोरी धरून लाकडावर सरळ रेघ मारायची आणि तिच्यावरून कापायचं, हे त्यांचं आयुष्य. मुलगा रेघा मुद्दाम वाकड्या काढतो हे ऐकून ते धास्तावले होते. अमरगोळच्या मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याकडे कारकुनाची जागा रिकामी होती, ती त्यांनी माझ्यासाठी बोलून ठेवली होती. मला जायचं नव्हतं. पण आप्पांना नाही म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

आदल्या दिवशी अक्कांना सांगितलं, तर त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या, "जायचं तर जा. कोणी बांधून ठेवलंय?" त्या दिवशी त्यांनी एकच मांजर पुन्हापुन्हा पुसलं.

आप्पा वर आले, दाराशी चपला काढून उभे राहिले. "बाई, पोराला न्यायला आलोय."

"न्या की. पण आधी हे म्हातारबाबा गिरवून द्या."

आप्पांनी पेन कानस धरावी तसं मुठीत धरलं. "पट्टी हाय काय?"

"पट्टी नाही."

"मग सरळ कशी यायची?"

"येऊ नये म्हणूनच तुम्हाला बसवलंय."

जीभ दातांत धरून आप्पांनी म्हातारा गिरवला. रेघ जाड, मध्येच तुटलेली. मी तिन्ही चित्रं लावून फिल्म चालवली. पारावर बसलेला म्हातारा काहीच करत नव्हता, पण त्याचे खांदे श्वासागत हलत होते.

आप्पा स्क्रीनजवळ सरकले. "यात माझा कुठला?"

"आता वेगळा नाही काढता यायचा," अक्का म्हणाल्या. मग आप्पांकडे न बघता म्हणाल्या, "आई गेल्यावर धारवाडच्या घरी मी एकटीच काम करायची. तिन्ही वेळा माझाच हात. रेघ हलायची हो, हलत नव्हती असं नाही. पण घरात आपल्याच पावलांचा आवाज ऐकत बसावं तसं वाटायचं. मग ही खोली घेतली. म्हटलं, भर बाजारात आहे, कोणीतरी वर चढेल."

मी मान खाली घातली.

"अमरगोळला त्यांना दुसरं कोणीतरी मिळंल," आप्पा म्हणाले. मला की अक्कांना, कळलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हळ्याळच्या गाडीला वेळ हाय अजून. दुसरं एखादं चित्र असलं तर द्या."

"आहे की हो, आहे," अक्का म्हणाल्या, आणि चष्मा पुन्हापुन्हा पुसत पुढचं चित्र उघडायला गेल्या तर त्यांना फाइलच सापडेना.