बाळकाकांचा वर्तमानकाळ

आमचे शेजारी बाळकाका तेंडोलकर माणसाला मुंबई दाखवायला नेतात आणि तिथे नसलेल्या सगळ्या गोष्टी दाखवून आणतात. ‘होतं’ हा शब्द त्यांना वर्ज्य आहे. लालबागला काचेच्या टॉवरसमोर उभे राहून ते म्हणतात, “ही आमची गिरणी. भोंगा वाजला ना, की मुंगी शिरणार नाही एवढी माणसं बाहेर पडतात.” त्या वेळी गेटमधून एक बाई आणि तिचा शाम्पू लावलेला कुत्रा एवढेच बाहेर पडत असतात.

आम्हाला याची सवय आहे. आमचीही चाळ पाडूनच त्या टॉवरच्या पाठीमागे आम्हाला इमारत दिली, आणि तिच्या खिडक्यांतून टॉवरवाल्यांचे एसी दिसतात. बाळकाकांनी तोंड उघडलं की आम्हाला आपापल्या घरच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागतात आणि आम्ही पळ काढतो. मी तर शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेली बाई. काळाचा असा बट्ट्याबोळ माझ्याच्याने ऐकवत नाही. पण जुलैत माझ्याकडे मार्ता राहायला आली आणि बाळकाकांना हक्काचा श्रोता मिळाला.

मार्ता पोलंडची. शहररचना शिकते. कॉलेजा-कॉलेजांत विद्यार्थ्यांची अदलाबदल होते, तशी सहा महिन्यांसाठी मुंबईत आलेली. मराठी शिकायचा हट्ट तिचाच. मी रीतसर वर्तमानकाळापासून सुरुवात केली. पंधरा दिवसांनी भूतकाळ काढला तर म्हणाली, “बाई, भूतकाळ नको. काका वापरत नाहीत.” मी पुस्तक मिटून भाजी चिरायला बसले.

दर रविवारी आठाच्या ठोक्याला बाळकाका इस्त्रीचा शर्ट घालून, काखेत छत्री मारून माझ्या दारात उभे. पहिली स्वारी ठाकूरद्वारला गेली. तिथे एका बँकेसमोर थांबून त्यांनी तिला सांगितलं, की इथे बांगड्याचं तिखलं मिळतं, आणि सोलकढी मागावी लागत नाही, आपणहून येते.

मार्ताने पाटी वाचली. “काका, ही बँक आहे.”

“ती वरवर गो. मूळची खानावळच.”

पोरीने वहीत इमानदारीत लिहून घेतलं. पुढच्या बुधवारी वर्गातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन ती त्याच बँकेत गेली आणि दारावरच्या माणसाकडे तीन तिखली मागितली. त्याने तिला टोकन दिलं. तिघी अर्धा तास एसीत बसून नंबर यायची वाट बघत होत्या.

असं महिनाभर चाललं. मोबाइलच्या दुकानासमोर कोथिंबीरवडी, जिमसमोर साबुदाणा वडा, पार्किंगसमोर इराण्याचा बनमस्का. वर्णनं इतकी रसाळ, की दोघं भुकेने कासावीस होत आणि शेवटी कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव खात. बाळकाकांच्या आणि मुंबईच्या वर्तमानकाळात एकाच वेळी सापडणारा पदार्थ तेवढा एकच. ऑगस्टात त्यांनी तिला फ्लेमिंगो दाखवायला शिवडीला नेलं. तिथे दीड तास नुसता चिखल बघून दोघं परत आली. “इथे फ्लेमिंगो येतात,” असं मार्ता मला पुन्हा पुन्हा सांगत होती. गंमत म्हणजे ते वाक्य व्याकरणाने आणि निसर्गाने, दोन्हीकडून बरोबर होतं. थंडीत येतात. चुकून का होईना, बाळकाका एकदा खरं बोलले.

कॉलेजसाठी तिने मुंबईचा नकाशा काढला तेव्हा त्यात गिरणी, खानावळ, इराणी सगळे आपापल्या जागी विराजमान होते. प्राध्यापकांनी प्रत्येकापुढे लाल प्रश्नचिन्ह काढून नकाशा परत केला. मी मनातून सुखावले. मार्ताला काहीच वाटलं नाही. सर काकांबरोबर फिरलेले नाहीत, म्हणाली.

आणि मग मिलिंद आला. म्हणजे बोलण्यात. बाळकाकांचा हा एकुलता एक मुलगा कॅनडात असतो. एका रविवारी त्यांनी मार्ताला सांगितलं, की मिलिंद दर दिवाळीला येतो. शेंगदाणे काढून चिवडा खातो. पहिल्या आंघोळीला उठता उठत नाही. मार्ता घरी आली ती हे सगळं घोकतच. केरळला जायचा मैत्रिणींचा बेत ठरला होता, तिकिटं काढायची बाकी होती. तिने नाव काढून घेतलं. दिवाळी इथेच करणार आणि मिलिंदला भेटणार.

मी म्हटलं, “त्याला भेटून तुला काय करायचंय?”

तिने वही मिटली. मग म्हणाली, “तो पण दूर राहतो. घरची आठवण येते तेव्हा तो काय खातो, ते विचारायचं आहे. मला रोज आठवण येते.”

चार महिने ही मुलगी माझ्या घरात जेवत होती आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला माझी लाज वाटली. शिवाय मला ठाऊक असलेलं तिला ठाऊक नव्हतं. मिलिंद येत असे, पण काकू होत्या तोवर. त्यांच्या बाराव्याला बापलेकात काहीतरी बोलाचाली झाली, तो गेला, आणि सहा वर्षांत फिरकलेला नाही. महिन्यातून एकदा फोन येतो, त्यात हवापाण्याचं बोलतात.

दुसऱ्या दिवशी मी बाळकाकांना लिफ्टपाशी गाठलं आणि फैलावर घेतलं. पोरीने तुमच्या बोलण्यावर केरळ सोडलं, तुम्ही सांगताय की मी सांगू? बँकेचं तिखलं केलंत, ते हसण्यावारी गेलं, पण जित्याजागत्या माणसाचं असं करू नका. बाळकाका छत्रीची मूठ चोळत राहिले. “दिवाळी येऊ दे बाई,” म्हणाले. “मीच सांगतो.”

पहिल्या आंघोळीला मी मार्ताला तेल-उटणं लावलं. दारात ते कडूजहर कारेट पायाने फोडायला सांगितलं तर तिने ते उचलून चाखून बघितलं, आणि पुढची दहा मिनिटं गुळाचा खडा तोंडात धरून बसली. मग फराळाचं ताट घेऊन आम्ही दोघी शेजारी गेलो.

बाळकाकांनी एकट्याने पाच प्रकारचे पोहे केले होते. फोडणीचे, दडपे, गुळाचे, दुधातले, दह्यातले. कोकणातली दिवाळी अशीच असते, हे त्यांचं वाक्य मात्र वर्तमानकाळातलं असूनही खरं होतं. टेबलावर चार ताटल्या मांडल्या होत्या. आम्ही माणसं तीन. मार्ताने पिशवीतून आईने पाठवलेली आलुबुखाराच्या मुरांब्याची बाटली काढली आणि चौथ्या ताटलीशेजारी ठेवली. मिलिंदसाठी, म्हणाली. मग दाराकडे बघून तिने विचारलं, “काका, मिलिंद किती वाजता येतो?”

बाळकाकांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हलवली नाही. ठरल्याप्रमाणे त्यांनी सांगायला हवं होतं, आणि त्यांनी सांगितलं. आवाज इतका बारीक, की मीही पुढे वाकले.

“मिलिंद दर दिवाळीला… यायचा.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा भूतकाळ ऐकला. आता पोरीच्या लक्षात येणार म्हणून मी तिचा हात धरायला सरसावले. पण मार्ताच्या कपाळाला आठी पडली होती, ती वेगळीच. या अर्थाचं हे रूप मी तिला शिकवलंच नव्हतं. तिला ठाऊक होतं ते ‘मला जायचं आहे’, ‘पत्र लिहायचं आहे’, एवढंच. वाक्य अर्धवट राहिलंय असं वाटून तिने ते हळूच पुरं केलं.

“यायचा… आहे?”

एकतीस वर्षं मी हेच केलं, चुकीखाली लाल रेघ ओढली. तोंड उघडलंही. बाळकाका ताटलीतल्या पोह्यांकडे बघत होते. मी तोंड मिटलं.

“हो गो बाय,” ते म्हणाले. “यायचा आहे.”

“मग त्याचे पोहे झाकून ठेवते,” मार्ता म्हणाली आणि झाकायला काही मिळतं का ते बघू लागली.

झाकून ठेवलेले पोहे दुपारपर्यंत वातड होतात, हे मला ठाऊक आहे. मी उठून तिला मांडणीवरची ताटली काढून दिली.